सिनेमातला मृत्युदंड: आरोपी दरवेळी निर्दोषच का?

प्रश्न: मृत्युदंडावरचे सिनेमे बघताना एक गोष्ट फार खटकते, बहुतेक वेळा माणूस निर्दोष निघतो आणि अगदी शेवटच्या क्षणी शिक्षा थांबवायचा फोन वाजतो, मग खरा प्रश्न राहतो बाजूलाच, कारण निर्दोषाला मारू नये हे कोणीही मान्य करेल ना. ज्याने खरंच खून केलाय त्याचं काय? असा सिनेमा आहे का?

उत्तर १: आहे की! पोलिश दिग्दर्शक किश्लोव्हस्कीचा १९८८ चा 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग' बघा. पोरगा टॅक्सीवाल्याला मारतो, तो सीन संपता संपत नाही, आणि नंतर फाशीची तयारीही तितक्याच बारकाईने दाखवलीय, खालचा दरवाजा उघडतो का तेसुद्धा तपासतात. दोन्ही वेळा अंगावर काटा येतो.

उत्तर २: 'डेड मॅन वॉकिंग' (१९९५) पण बघा. कैद्याला मृत्युदंडाचं इंजेक्शन देताना मधेमधे त्याचा गुन्हा दाखवलाय, त्यामुळे मेलेली पोरं आणि त्यांचे आईबाप विसरताच येत नाहीत. मला हेच जास्त प्रामाणिक वाटतं.

प्रश्नकर्ता: धन्यवाद, दोन्ही बघतो. पण कोठडीत वर्षानुवर्षं वाट बघणं, अपील, परत अपील, हे दोन तासांत बसतच नाही, त्यावर नीट सिरीजच हवी.