यी २: मॉड्यूलची नोंद, ग्रिडव्ह्यूचे तक्ते आणि बूटस्ट्रॅप ५ नंतर नाहीसे झालेले रंग

प्रश्न

नमस्कार. एका ग्रामीण पतसंस्थेचे कर्जवसुलीचे ॲप्लिकेशन मी यी २ (पीएचपी भाषेतील वेब-ॲप्लिकेशनची चौकट) वर सांभाळतो. मूळ काम बूटस्ट्रॅप ३ (पानांना तयार रूप देणारा सीएसएस, म्हणजे सजावटीच्या नियमांचा, संच) वर झालेले होते. गेल्या महिन्यात ते बूटस्ट्रॅप ५ वर नेले आणि त्याच वेळी काही पानांवर साध्या ग्रिडव्ह्यूच्या, म्हणजे याद्या तक्त्यात दाखवणाऱ्या यीच्या विजेटच्या (पानावरील तयार घटकाच्या), जागी कार्तिक-ग्रिड हे विस्तारित विजेट बसवले, कारण शाखांना याद्या एक्सेलमध्ये उतरवून घ्याव्या लागतात. ॲप्लिकेशनमध्ये 'सभासद' आणि 'कर्ज' अशी दोन मॉड्यूल्स (स्वतंत्र विभाग) आहेत. या बदलानंतर तीन अडचणी उभ्या राहिल्या असून त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत की वेगळ्या, हेच मला उमगत नाही.

पहिली अडचण अशी की माझ्या संगणकावर सगळी पाने व्यवस्थित उघडतात, पण सर्व्हरवर कार्तिक-ग्रिड असलेले प्रत्येक पान 'ग्रिडव्ह्यू' नावाचे मॉड्यूल कॉन्फिगरेशनमध्ये मांडलेलेच असले पाहिजे, असा संदेश देऊन थांबते. ती नोंद मी केलेली आहे, 'वेब.पीएचपी' या कॉन्फिगरेशनच्या फाइलच्या शेवटी डीबग (दोष शोधणारे) आणि जीआयआय (कोड तयार करणारे) या साधनांच्या नोंदी आहेत, त्यांच्या खालीच ती लिहिली आहे.

दुसरी अडचण तक्त्यांच्या रूपाची आहे. सर्व तक्ते सारखे दिसावेत म्हणून मी यीच्या कंटेनरमध्ये (घटक तयार करताना लागू होणारी मांडणी जिथे ठेवतात, तिथे) ग्रिडव्ह्यूसाठी 'टेबलऑप्शन्स'ची (तक्त्याच्या गुणधर्मांची) पूर्वनिश्चित किंमत ठेवली. साध्या तक्त्यांपैकी बहुतेकांवर ती लागू होते, काहींवर होत नाही आणि कार्तिक-ग्रिडच्या एकाही तक्त्यावर होत नाही.

तिसरी अडचण वसुली अधिकाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. ९० दिवसांपेक्षा जास्त थकलेल्या कर्जाची ओळ पूर्वी लाल दिसत असे, ती आता इतर ओळींसारखीच पांढरी दिसते. 'रोऑप्शन्स'मधील (ओळीचे गुणधर्म ठरवणारे) फंक्शन चालते आहे, कारण ब्राउझरमध्ये ओळ तपासली तर तिच्यावर 'डेंजर' हा क्लास (सजावटीच्या नियमाचे नाव) लागलेला दिसतो. स्वतःच्या सीएसएसमध्ये ओळीला पार्श्वभूमीचा रंग देऊनही पाहिला, तरी फरक पडला नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

आपल्या तिन्ही अडचणी वेगळ्या आहेत. पहिलीचे कारण तर आपण स्वतःच लिहिले आहे. यीच्या मूळ साच्यात डीबग आणि जीआयआय यांच्या नोंदी 'यी-एन्व्ह-डेव्ह' या अटीच्या कंसात असतात. ही साधने केवळ विकासाच्या वेळी उपलब्ध असावीत, म्हणून ती तिथे ठेवलेली असतात. आपली ग्रिडव्ह्यूची नोंद त्याच कंसात गेल्यामुळे आपल्या संगणकावर ती वाचली जाते आणि सर्व्हरवर, जिथे ती अट खोटी ठरते, तिथे अस्तित्वातच नसते. ती वर, मुख्य ॲरेतील (नोंदींच्या यादीतील) 'मॉड्यूल्स' या कीखाली (नोंदीच्या नावाखाली), 'सभासद' आणि 'कर्ज' यांच्या शेजारी न्यावी. हे करताना एक खबरदारी अवश्य घ्यावी: 'मॉड्यूल्स' ही की आधीपासून आहे हे लक्षात न घेता खाली दुसऱ्यांदा लिहिली, तर पीएचपी कोणतीही तक्रार न करता नंतरची नोंद धरते आणि आधीची टाकून देते. मग ग्रिडव्ह्यू सापडेल, पण कर्ज मॉड्यूलची सगळी पाने 'सापडले नाही' म्हणू लागतील. नोंदीचे नावही नेमके 'ग्रिडव्ह्यू' हेच असावे, कारण विजेट त्याच नावाने मॉड्यूल शोधते.

आता रंगाविषयी. यी २ च्या ग्रिडव्ह्यूला स्वतःचे सीएसएस नाही. तो तक्त्यावर बूटस्ट्रॅपचे क्लास लावतो आणि रूप सर्वस्वी बूटस्ट्रॅपवर सोपवतो, त्यामुळे बूटस्ट्रॅपने नावे बदलली की आपला कोड चालतो, पण दिसत काही नाही. बूटस्ट्रॅप ३ मध्ये ओळीला 'डेंजर' एवढे पुरत असे. चौथ्या आवृत्तीपासून त्यासाठी 'टेबल-डेंजर' असे पूर्ण नाव लिहावे लागते. ओळी दाट करणारा 'टेबल-कंडेन्स्ड' हा क्लास त्याच वेळी 'टेबल-एसएम' झाला, आणि रकमा उजवीकडे नेणारा 'टेक्स्ट-राइट' पाचव्या आवृत्तीत 'टेक्स्ट-एंड' झाला. आपल्या रकमेच्या स्तंभांचे 'कंटेंटऑप्शन्स' (खान्यांचे गुणधर्म) एकदा पाहून घ्यावेत. तिथेही रकमा गुपचूप डावीकडे सरकल्या असण्याची शक्यता आहे.

ओळीला दिलेला रंग न दिसण्याचे कारण थोडे खोल आहे. बूटस्ट्रॅप ५ मध्ये पार्श्वभूमी ओळीवर नव्हे, तर प्रत्येक खान्यावर रंगवली जाते, आणि तो रंग 'बीएस-टेबल-बीजी' या सीएसएस चलातून घेतला जातो. आपण ओळ रंगवली तरी तिच्यावर बसलेले खाने स्वतःचा रंग घेऊन तिला झाकून टाकतात. म्हणून लाल छटा आपल्याच पसंतीची हवी असेल, तर 'थकीत' अशा अर्थाचा एक क्लास करावा, त्यात पार्श्वभूमीचा गुणधर्म न लिहिता या चलाची किंमत बदलावी आणि 'रोऑप्शन्स'मधून तो क्लास परत करावा. खाने ती किंमत ओळीकडून वारशाने घेतात. पट्टेदार तक्ता असेल तर पट्ट्यांची हलकी छटा त्या रंगावर पडते, ती चांगलीच दिसते.

कार्तिक-ग्रिडच्या बाबतीत कॉन्फिगरेशनमधील 'पॅराम्स'मध्ये (सामाईक किमतींच्या यादीत) 'बीएसव्हर्जन' (बूटस्ट्रॅपची आवृत्ती) ही नोंद ५ अशी केली आहे का, तेही पाहावे. ती नसेल तर विस्तार तिसरी आवृत्तीच गृहीत धरतो आणि जुनेच क्लास लावत राहतो.

दुसरे उत्तर

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. दुसऱ्या अडचणीविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण कंटेनरचे हे वागणे कागदपत्रांत चटकन नजरेस पडत नाही आणि मीही त्यात एक पूर्ण दिवस घालवला आहे.

कंटेनर क्लासचे (इथे सीएसएसच्या नव्हे, पीएचपीच्या क्लासचे) नेमके नाव पाहतो, वंशावळ पाहत नाही. कार्तिक-ग्रिड हा यीच्या ग्रिडव्ह्यूचाच वारस असला, तरी मूळ ग्रिडव्ह्यूच्या नावाने ठेवलेली व्याख्या त्याला मिळत नाही. त्याच्या नावाने स्वतंत्र व्याख्या ठेवावी लागते. साध्या तक्त्यांपैकी मोजकेच तक्ते का सुटले, त्याचे कारण निराळे आहे. पानावर दिलेली मांडणी आणि कंटेनरमधील मांडणी यांचे एकत्रीकरण केवळ वरच्या पातळीवर होते. समजा कंटेनरमध्ये 'टेबलऑप्शन्स'खाली क्लास म्हणून 'टेबल टेबल-एसएम' लिहिले आहे आणि एखाद्या पानावर त्याच 'टेबलऑप्शन्स'मध्ये फक्त आयडी (ओळखनाव) दिला आहे, तर पानावरचा ॲरे कंटेनरमधला ॲरे पूर्णपणे पुसून त्याची जागा घेतो. आयडी लागतो, क्लास जातो आणि तक्ता रेषाविरहित दिसतो. ज्या पानांवर सजावट लागत नाही, त्या प्रत्येक पानावर 'टेबलऑप्शन्स' हा शब्द शोधून पाहावा. तो सापडेल असे मला वाटते.

म्हणूनच मी कंटेनरपेक्षा वारस क्लास पसंत करतो. सर्व याद्या कार्तिक-ग्रिडवर नेणार असाल तर त्याच्यापासून, अन्यथा मूळ ग्रिडव्ह्यूपासून, संस्थेचे स्वतःचे एक विजेट तयार करावे आणि त्याच्या 'इनिट' या सुरुवातीला चालणाऱ्या पद्धतीत एचटीएमएल मदतनिसाचे 'ॲडसीएसएसक्लास' वापरून क्लास जोडावेत. ही पद्धत असलेल्या क्लासमध्ये भर घालते, काही पुसत नाही. पानावर कोणी काहीही लिहिले तरी संस्थेचे रूप टिकून राहते.

कर्ज मॉड्यूलमधील तक्तेच दाट हवे असतील तर कंटेनरमधील व्याख्या मॉड्यूलच्या 'इनिट'मध्ये लिहिण्याचा मार्गही आहे, कारण त्या मॉड्यूलचे पान मागितले गेले तरच ते मॉड्यूल उभे राहते. पण ते मॉड्यूल 'बूटस्ट्रॅप' या यादीत, म्हणजे सीएसएसच्या नव्हे तर यीच्या सुरुवातीच्या यादीत, नोंदलेले असेल, तर ते प्रत्येक विनंतीला उभे राहते आणि कर्जाचे रूप सभासदांच्या पानांवरही जाऊन बसते.

शेवटी एक विनंती. थकबाकी केवळ रंगाने दाखवू नये. शाखेत ही यादी छापून वसुलीला नेतात, आणि ब्राउझर छपाईत पार्श्वभूमीचे रंग सहसा वगळतात. कागदावर चार हप्ते थकलेले कर्ज आणि नियमित कर्ज सारखेच दिसेल. 'थकीत' असे अक्षरांत लिहिणारा एक अरुंद स्तंभ अवश्य ठेवावा.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. नोंद मुख्य ॲरेत हलवताच सर्व्हरवरची पाने उघडली. सुटलेल्या सातही साध्या तक्त्यांच्या पानांवर 'टेबलऑप्शन्स'मध्ये केवळ आयडी होता, तेव्हा आपले निदान तंतोतंत खरे ठरले. आता संस्थेचे स्वतंत्र विजेट केले आहे. थकीत ओळी पुन्हा लाल झाल्या आणि 'थकीत' हा स्तंभही वाढवला.

एक गोष्ट मात्र राहिली. माझ्याकडे थकबाकीची रक्कम १,२५,००० अशी देवनागरी अंकांत आणि लाखाच्या स्वल्पविरामासह दिसते. सर्व्हरवर तीच रक्कम रोमन अंकांत आणि हजाराच्या गटाने, म्हणजे १२५,००० अशा विभागणीने उमटते. ॲप्लिकेशनची भाषा दोन्हीकडे 'एमआर-आयएन' (मराठी-भारत) आहे. शिवाय तक्ता दाट केल्यापासून शीर्षकाच्या ओळीत 'कर्जाची मुद्दत व हप्ते' यातल्या जोडाक्षराचा पाय आणि 'र्जा'वरचा रफार कापला जातो.

पहिले उत्तर देणारे

अंकांचे कारण सर्व्हरवर पीएचपीचा 'इंटल' (भाषेनुसार अंक मांडणारा) विस्तार नसणे हे असावे. यीचा फॉर्मॅटर (रकमा दाखवण्याच्या रूपात आणणारा घटक) तो असेल तर त्याच्याकडून मराठी अंक आणि लाख-कोटीची विभागणी घेतो. नसेल तर पीएचपीच्या साध्या संख्या-मांडणीवर येतो, आणि तिला लाखाचा गट ठाऊक नाही. सर्व्हरवर विस्तार बसवून पीएचपीची सेवा पुन्हा सुरू करावी. कोडमध्ये स्वल्पविराम हाताने घालण्याच्या फंदात पडू नये, कारण मग एक्सेलमध्ये ती रक्कम मजकूर म्हणून उतरते आणि बेरीज होत नाही.

अक्षरे कापली जाण्याचे कारण शीर्षकाच्या खान्याला कुठेतरी ठरावीक उंची आणि 'ओव्हरफ्लो हिडन' (बाहेर जाणारा भाग लपवणारा नियम) दिलेले असणे हेच बहुधा असेल. देवनागरीला शिरोरेघेच्या वर आणि पायाखाली, दोन्हीकडे जागा लागते, ती रोमन लिपीच्या मापाने बेतलेल्या उंचीत मावत नाही. ठरावीक उंची काढून टाकावी आणि 'हेडररोऑप्शन्स'मध्ये एक क्लास देऊन त्या ओळीच्या खान्यांची 'लाइन-हाइट' (ओळीची उंची) १.७ च्या आसपास ठेवावी. आपली सीएसएस फाइल लेआउटच्या (सर्व पानांच्या सामाईक साच्याच्या) हेडमध्ये हाताने जोडलेली असेल, तर ती बूटस्ट्रॅपच्या आधी वाचली जाऊन नियम निष्फळ ठरू शकतो. ती ॲसेट बंडलमध्ये (सीएसएससारख्या फाइली क्रमाने जोडणाऱ्या यीच्या गठ्ठ्यात) घेऊन 'डिपेंड्स'च्या (आधी लागणाऱ्या बंडलांच्या) यादीत बूटस्ट्रॅप ५ चे बंडल नोंदवावे, म्हणजे आपले सीएसएस त्याच्या नंतर लागेल.