जुनी बोर्दो: चव मुरते की केवळ किंमत?

मेदोककर:
फ्रान्समधील बोर्दोजवळच्या मेदोक भागातील उत्तम रेड वाइन वीस-पंचवीस वर्षे थांबूनच प्यावी, असे माझे मत आहे. कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारे द्रव्य, भरपूर असल्यामुळे कोवळी वाइन जीभ आणि हिरड्या आवळून धरते. पुढे बाटलीत टॅनिन आणि रंगद्रव्ये यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात, त्यांतील काही साका होऊन तळाशी बसतात आणि तुरटपणा निवळतो. पेला पांढऱ्या कापडावर तिरका धरल्यास एकेकाळची जांभळी कड विटकरी झालेली दिसते. फळाचा वास मागे सरतो आणि तंबाखू, देवदार, चामडे, भिजलेला पालापाचोळा हे वास पुढे येतात. कोवळ्या बाटलीत हे मिळत नाही.

रोकठोक:
आपले रसायनशास्त्र मान्य, निष्कर्ष अमान्य. फळाचा वास गेला ही उणीव आहे. आपण तिलाच गुण ठरवत आहात. खुद्द बोर्दोतील बहुतेक वाइन काही वर्षांतच पिण्यासाठी केलेली असते, मात्र गोडवे गायले जातात ते मूठभर शातोंचे, म्हणजे स्वतःचे द्राक्षमळे असलेल्या नामांकित वाइन-उत्पादकांचे. बोर्दोच्या वाइनची 1855 ची प्रसिद्ध श्रेणीयादीही दलालांनी मुख्यतः बाजारभाव पाहून केली होती. आणि भावाच्या मागे धावणाऱ्यांची जीभ किती तयार असते, हे रुडी कुर्नियावानने दाखवून दिले: त्याने घरी तयार केलेल्या बनावट 'दुर्मीळ' बाटल्या मोठमोठ्या संग्राहकांनी विकत घेतल्या आणि 2013 मध्ये तो न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरला.

मेदोककर:
खोटे नाणे चालले म्हणून खरे नाणे खोटे ठरत नाही. ते ग्राहक लेबल पीत होते, त्याला बाटलीतील वाइन काय करणार?

द्राक्षमळा:
दोघांनाही अडचणीत टाकणारे उदाहरण देतो. 1976 मध्ये वाइन-विक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी पॅरिसमध्ये फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनची लेबल झाकून चाचणी घेतली आणि रेडमध्ये कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. या वाइन आमच्यासारख्या टिकणार नाहीत, असे फ्रेंच बाजूचे म्हणणे होते. तीस वर्षांनी, 2006 मध्ये, त्याच रेड वाइन लंडन आणि कॅलिफोर्नियातील नापा येथे पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे होते आणि 1971 ची रिज माँटे बेलो अव्वल ठरली. म्हणजे लेबल झाकले तरी जुन्या वाइनला दाद मिळते, रोकठोक. पण मुरण्याचा मक्ता एकट्या बोर्दोकडे नाही, मेदोककर.

मेदोककर:
मक्त्याचा दावा मी केलाच नव्हता. माझा आग्रह मुरण्याचा आहे, आणि आपल्या उदाहरणाने तो बळकटच होतो. एक सूचना मात्र करतो: बाटली बारा-तेरा अंश सेल्सिअसच्या अंधाऱ्या जागी आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. नागपूरच्या उन्हाळ्यात साध्या कपाटात ठेवलेली बाटली मुरत नाही, नासते.

रोकठोक:
म्हणजे बाटलीचे पैसे, वर शीतकपाटाचे, वर वीस वर्षांचे वीजबिल; आणि एवढे करून बुचाला बुरशीचा वास लागला असेल, तर सगळे मोरीत. तेवढ्या खर्चात ताज्या बोजोलेच्या, म्हणजे कोवळीच प्यायच्या हलक्या फ्रेंच रेड वाइनच्या, कितीतरी बाटल्या येतील, आणि त्यांत फळाचा वास जागच्या जागी असेल. मी त्याच घेईन.