इंडियन ओशन: कॅसेटवरचं आणि समोर बसून ऐकलेलं

परवा माळा आवरताना दिल्लीच्या इंडियन ओशन बँडची 'कंडिसा'ची कॅसेट सापडली, २००० सालचा अल्बम, म्हणून हा धागा. हॉस्टेलवर ती एवढी घासली होती की कुठला ठोका कुठे पडणार ते पाठ होतं. मग फेस्टला त्यांना प्रत्यक्ष ऐकलं आणि पहिली दहा मिनिटं मी चक्क चिडलेलो, गाणं पाठ केल्यासारखं पुढे जाईचना, सुस्मित सेनची गिटार एकाच वळणावर घुटमळतेय, असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवत गातोय आणि बाकीचे त्याच्याकडे बघत थांबलेत की हा समेवर कधी येतोय. शेवटी 'कंडिसा'ला बेसवाल्या राहुल रामने अख्खं मैदान गायला लावलं. केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची प्रार्थना, भाषा अरामी, आमच्यात एकालाही शब्द कळत नव्हता, तरी शेजारचा मेकॅनिकलचा पोरगा डोळे मिटून गात होता. तुमचे अनुभव लिहा, बँड कुठलाही चालेल.

*

भारी विषय! पण एक गंमत सांगू का, यांचा 'डेझर्ट रेन' मुळात लाइव्हच आहे. १९९७ ला दिल्लीत मंडी हाउसला पथनाट्यवाल्या सफदर हाश्मींच्या आठवणीत कार्यक्रम झाला त्याचं रेकॉर्डिंग. १९९३ चा पहिला अल्बम स्टुडिओतला, तो मला नेहमी इस्त्री केल्यासारखा वाटतो.

*

मी विरुद्ध पार्टीत. मला हेडफोनच बरे. आम्ही गेलो तिथे साउंडवाल्याने बेस एवढा चढवलेला की छातीत धडधड आणि ड्रमर अमित किलमची गबगुबी (तारेचं लोकवाद्य) औषधालाही ऐकू येईना, वर मागे एक ग्रुप सगळा वेळ पार्किंगवरून भांडत होता. घरी येऊन तेच गाणं लावलं तेव्हा कुठे जीव शांत झाला.

*

आम्ही शहाद्याकडचे. 'मा रेवा' हे नर्मदेचं गाणं मी 'कंडिसा' अल्बमवर नंतर ऐकलं, आधी नर्मदा आंदोलनाच्या मोर्चात ऐकलेलं, नुसत्या ढोलकीवर, बायका गात होत्या आणि कडेवरची पोरं रडत होती. राहुल राम तेव्हा आंदोलनात होता आणि गाणं त्याला तिथेच मिळालं हे मला फार नंतर कळलं. अल्बममध्ये ते सुंदरच आहे, स्वच्छ, पण त्यात धूळ नाही. पुण्यात त्यांनी वाजवायच्या आधी खोऱ्यातले किस्से सांगितले, लोक हसत होते, मला मात्र धरणात बुडालेलं मामाचं घर दिसत होतं.

*

वरच्या प्रतिसादावर काही बोलण्यासारखं नाही. _/\_

*

असीमदा २५ डिसेंबर २००९ ला गेले. त्यांच्याबरोबरचं मी एकदाच ऐकलं आणि नंतरचं तीनदा. हिमांशू जोशी उत्तम गातो, तुहीनचा तबलाही छान, तक्रार नाही, पण असीमदांच्या आवाजातला तो खरखरीत भाग यायची वेळ झाली की कान आपोआप टवकारतात आणि तिथे दुसराच आवाज येतो. २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड' आला, म्हणजे करोलबागेतल्या बँडच्या रियाजाच्या घराचा पत्ताच, एकेक गाणं दर महिन्याला नेटवर फुकट दिलेलं. त्यात असीमदा आहेत. तो मी अजून सलग ऐकत नाही, एका वेळी एकच गाणं.

*

धागाकर्ते, कॅसेट वाजते का अजून? माझ्याकडे डेक आहे, पट्टा बदलायला झालाय फक्त.