मदत हवी आहे: लेहच्या ब्रॉयलरच्या खाद्यात आर्जिनिन (एक अमिनो आम्ल) किती ठेवावं?

मंडळी, तुर्भ्यात लेहच्या शेडसाठी (उंची सुमारे ३,५०० मीटर) प्रीमिक्स (खाद्यात मिसळायचं पूरक मिश्रण) बनवतोय. तिथे पक्षी धापा टाकतात, तुरा निळा पडतो. पोट फाडलं की पिवळसर पाणी आणि हृदयाची उजवी बाजू फुगून सैल झालेली. म्हणजे विरळ हवेत फुप्फुसातला रक्तदाब वाढून होणारा जलोदर (अ‍ॅसायटिस).

ग्वानिडिनोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड (यापासून शरीर क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना ऊर्जा पुरवणारा घटक, बनवतं) टनभर खाद्याला १.२ किलो धरलंय. त्यामुळे क्रिएटिनसाठी खर्च होणारं आर्जिनिन वाचतं, त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैलावतात. मग वरून एल-आर्जिनिन किती घालावं? लायसिन (दुसरं अमिनो आम्ल) जास्त झालं की आर्जिनिन वाया जातं, म्हणून दोघांचं गुणोत्तर नेमकं सांगा. साधं व्हिटॅमिन सी पेलेट (खाद्याच्या गोळ्या) बनवतानाच्या वाफेत टिकत नाही. कोटेड घ्यावं की पाण्यातून द्यावं?

सुरुवातीला मॅश (गोळ्या न केलेलं भरडलेलं खाद्य) देऊन वाढ मुद्दाम हळू ठेवणारच आहोत, नुसत्या पावडरींवर भिस्त नाही. पुढची बॅच ऐन थंडीत पडतेय, लवकर कळवा.