तलावात जमतं, धरणात जमेल का? पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन, हातात आठ आठवडे

सिडकोकर_सायकल
नमस्कार मंडळी. जानेवारीत पहिल्यांदाच स्प्रिंट अंतराची ट्रायथलॉन करायची आहे. ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं. पोहणं धरणाच्या पाण्यात आहे. सध्या ५० मीटरच्या तलावात ५०० मीटर १४ मिनिटांत न थांबता होतात, हायब्रिड सायकलवर (३२ मिमी टायर) २० किमीला ५० मिनिटं लागतात, १० किमी धावायला ६२. तिन्ही सुटंसुटं जमतं, एकापाठोपाठ कधी केलेलं नाही. रोड बाइक घ्यावी का? नाशकात उघड्या पाण्याचा सराव कसा करायचा? आणि ट्रान्झिशनमध्ये (पोहण्यावरून सायकलवर, सायकलवरून धावण्यावर जाताना) नेमकं काय करतात?

गोदाकाठ
आठ आठवडे पुरेत. सायकल आणि धावणं तुमचं ठीक आहे, सगळा जोर पाण्यावर लावा.

तलावात आरामात ५०० मीटर मारणारा माणूस धरणात पहिल्या दोन मिनिटांतच गळपटतो, ते ताकद कमी पडते म्हणून नाही. गार पाणी चेहऱ्याला लागलं की श्वास आपोआप अडखळतो. त्यात शेजारच्यांचे हातपाय लागतात, खाली तळाची काळी रेघ दिसत नाही. मग तो श्वास घेत राहतो पण पुरता सोडत नाही. न सोडलेली हवा छातीत साठते, गुदमरल्यासारखं वाटतं आणि तो आणखी जोरात श्वास ओढतो. म्हणून तोंड पाण्यात असेपर्यंत बुडबुडे सोडत राहायचं, श्वास घेण्याची चिंता करायची नाही. तरी घाबरलात तर उताणे व्हा, दहा श्वास मोजा, पुन्हा वळा. नियमानुसार कोणत्याही पद्धतीने पोहता येतं. कयाक (छोटी होडी) किंवा बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) धरून थांबताही येतं, फक्त तो धरून पुढे सरकायचं नाही. सुरुवातीला घोळक्याच्या मधे न राहता कडेला आणि मागे उभे राहा. दहा सेकंद जातील, पण शांत पाणी मिळेल.

दुसरी अडचण दिशेची. सहा-आठ हातांनंतर फक्त डोळे पाण्याबाहेर काढायचे, मगर काढते तसे, आणि लगेच बाजूला वळून श्वास घ्यायचा. पूर्ण डोकं उचललं की पाय बुडतात आणि कंबर ओढली जाते. तलावात रिकाम्या लेनमध्ये डोळे मिटून दहा हात मारून बघा, कोणत्या बाजूला सरकता ते कळेल. बहुतेक जण श्वास घेण्याच्या बाजूला किंवा तिच्या बरोबर उलट सरकतात. हे माहीत नसेल तर ७५० चे ८५० सहज होतात. बोया पाण्यावर छोटा दिसतो, त्यामुळे त्याच्या मागचं काहीतरी उंच, झाड किंवा टॉवर, काठावर उभं असतानाच हेरून ठेवा. सकाळी पूर्वेकडे पोहायचं असेल तर गडद काचेचा गॉगल लागेलच. त्याचा पट्टा टोपीच्या आतून घाला, म्हणजे कुणाचा पाय लागला तरी निघणार नाही.

सराव असा करा: आठवड्यातून तीनदा पाणी. एक दिवस ५० मीटर दहा वेळा, मधे २० सेकंद. एक दिवस १५० मीटर पाच वेळा, मधे ३० सेकंद. एक दिवस सलग, दर आठवड्याला १०० मीटर वाढवत ९०० पर्यंत. सलगच्या दिवशी भिंतीला हात किंवा पाय लावायचा नाही, रेघ संपते तिथूनच वळायचं. भिंतीला ढकलून दर ५० मीटरला जी फुकटची विश्रांती मिळते, ती धरणात नसते.

आणि गंगापूर धरण शहराच्या पिण्याच्या पाण्याचं आहे. परवानगीशिवाय, एकट्याने तिथे उतरू नका. काठाला गाळ असतो, पाणी गढूळ असलं की बुडणारा माणूस वरून दिसत नाही. आयोजकांनी सराव-पोहणं ठेवलं आणि बचावाची नाव असली तरच उतरा, कंबरेला नारिंगी फुगा बांधून.

चेन_आणि_काटा
रोड बाइक आत्ता घेऊ नका. नव्या सायकलवर शरीर बसायला वेळ लागतो, आणि २० किमीत वाचणारी मिनिटं पहिल्या शर्यतीत महत्त्वाची नाहीत. हायब्रिडवरच एवढं करा: स्टँड, कॅरियर, मडगार्ड काढा. खडबडीत टायर असतील तर गुळगुळीत लावा. तुमच्या ३२ मिमीला, वजन ७० किलोच्या आसपास असेल तर, हवेचा दाब मागे ६५ आणि पुढे ६० पीएसआय. सीटची उंची अशी बघा: टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हलका बाक उरतो.

पंक्चरचं नीट सांगतो, कारण आपल्याकडे बाभळीचा काटा हीच मोठी अडचण आहे. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून जुनं फडकं फिरवा, बोट नको. फडकं अडकेल तिथे काट्याचं टोक आहे. ते बाहेरून दिसतही नाही, आतून जेमतेम एक मिलिमीटर डोकावत असतं. ते न काढता नवी ट्यूब घातली तर अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा बसतो, आणि दुसरी ट्यूब सहसा कुणाकडे नसते. ट्यूब घेताना दोन गोष्टी जुळवा: ७००x३२ आकार आणि वॉल्व्ह. रिमचं भोक बारीक असेल तर प्रेस्टा, मोठं असेल तर मोटरसायकलसारखा श्रेडर. एक ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप सीटखाली. घरी घड्याळ लावून पाच वेळा मागचं चाक बदला. मागचंच, कारण चेन आणि गिअरमुळे तिथे गोंधळ होतो.

सराव त्र्यंबक रोडवर करायचा तर रविवारी पहाटे. सोमवारी आणि श्रावणात दर्शनाची गर्दी असते. जाताना हलका पण लांब चढ आहे, तो दिसत नाही, पायांना कळतो. परतीला आपोआप वेग येतो आणि आपण फार जोरात आहोत असं वाटतं, त्यामुळे सरासरी जाऊन-येऊन काढा. सिंहस्थाची कामं चालू असतील तिथे पॅच बदलतात, आदल्या दिवशी रस्ता बघून घ्या. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-पिंपळगावकडे ट्रॅक्टर आणि शेतातून आलेली माती असते, वळणावर ब्रेक आधीच लावा.

शर्यतीत पुढच्याच्या मागे चिकटून हवा चुकवायची (ड्राफ्टिंग) नाही, तीनेक सायकलींचं अंतर ठेवा.

पहाटेची_फेरी
अंतर दुरुस्त करते. ड्राफ्टिंगला बंदी असलेल्या शर्यतीत आंतरराष्ट्रीय नियमानुसार ड्राफ्ट झोन १० मीटरचा असतो आणि तो पुढच्या चाकाच्या पुढच्या कडेपासून मोजतात. म्हणजे जवळजवळ सहा सायकली. झोनमध्ये शिरलात तर २० सेकंदांत ओलांडून पुढे जायचं. कुणी तुम्हाला ओलांडलं तर मागे सरकायचं काम तुमचं. आयोजकांचं नियमपत्रक वाचाच, काही ठिकाणी ड्राफ्टिंग चालतं.

सिडकोकर_सायकल
खूप उपयोग झाला. दोन शंका. दमल्यावर छातीच्या हातांनी (ब्रेस्टस्ट्रोक) पोहलो तर चालेल का? आणि जानेवारीत पाण्यातून बाहेर आल्यावर ओल्या अंगाने सायकलवर थंडी वाजणार, त्याचं काय?

गोदाकाठ
ब्रेस्टस्ट्रोक चालतो, दिशा बघायला चांगलाही आहे. पण त्यात मांड्या आणि गुडघे खर्च होतात, ते पुढे सायकलला लागणार आहेत. ७५० पैकी १०० पर्यंत ठीक. पाठीमागे कुणी जवळ असेल तर पाय फाकू नका, त्याच्या तोंडावर लाथ बसते.

पहाटेची_फेरी
थंडीचा प्रश्न बरोबर आहे, नाशिकची जानेवारीतली पहाट सहज १० अंशांच्या आसपास असते. वेग २५ असला की ओल्या अंगाला ते आणखी गार लागतं. ट्रायसूट (तिन्ही प्रकारांत चालणारा एकच पोशाख) असेल तर तोच पोहण्यापासून घाला. नसेल तर पुढे चेन (झिप) असलेली जर्सी ठेवा, डोक्यातून घालायची नको. ओल्या अंगावर कापड खांद्यापाशी गुंडाळून अडकतं आणि दोन्ही हात वर अडकून मिनिट जातं. छातीवर जर्सीच्या आत घडी केलेला वर्तमानपत्राचा कागद सरकवा, वारा अडतो. वाटेत फेकायचा नाही, धावण्याआधी काढून आपल्या जागेवर ठेवायचा.

खरी फजिती हेल्मेटच्या क्लिपवर होते. गारठलेली, सुरकुतलेली बोटं तो प्लास्टिकचा खटका दाबू शकत नाहीत. क्लिप लागल्याशिवाय रॅकवरून सायकल काढली की दंड होतो. घरी बादलीत बर्फ टाकून दोन मिनिटं हात बुडवा आणि मग क्लिप लावा-काढा, दहा वेळा. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर सोडून ठेवायचं. आधी हेल्मेट आणि क्लिप, मग बूट, मग सायकल. सायकल ढकलताना धरायची ती सीटला, हँडलला नाही, म्हणजे पेडल पिंढरीवर आपटत नाही. माउंट लाइन (जिच्या पुढेच सायकलवर बसता येतं ती रेषा) पायी ओलांडून मगच बसायचं. परत येताना रेषेच्या आधी उतरायचं, आणि सायकल रॅकवर लागेपर्यंत क्लिप उघडायची नाही.

मोजे गुंडाळून, आत पावडर टाकून ठेवा. बुटांना इलॅस्टिक लेस. नंबर कंबरेच्या पट्ट्यावर लावा, सायकलवर पाठीशी, धावताना पोटावर. पाण्यातून येताना तुमची ओळ कितवी हे आदल्या दिवशी चालत मोजा, सकाळी सगळ्या सायकली सारख्याच दिसतात.

धावणं: सायकलचा शेवटचा एक किमी हलक्या गिअरवर, मिनिटाला ९० फेऱ्यांच्या आसपास फिरवा. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे वाटतात. आपण रांगतोय असं वाटतं, पण घड्याळ उलट सांगतं, कारण पाय सायकलच्याच लयीत पडत असतात. तुमच्या हिशोबाने पहिला किमी ६:४० ने, नंतर ६:१५ वर या. हे अंगवळणी पडायला आठवड्यातून एकदा ब्रिक करा: १५ किमी सायकल, दोन मिनिटांच्या आत बूट बदलून २ किमी धावणं. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकजवळ कुणी सायकल धरायला असेल तर उत्तम.

खाण्याचं थोडक्यात. दीड-पावणेदोन तासांच्या शर्यतीला सायकलवर ५०० मिली पाणी आणि एक केळं किंवा तीन खजूर पुरतात. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं टाकलं तर तहान वाढते आणि पोट ढवळतं. आदल्या रात्री मऊ भात-वरण. मिसळ शर्यत झाल्यावर.

चेन_आणि_काटा
एकच राहिलं. आदल्या दिवशी रॅकवर सायकल लावायची असेल तर ती हलक्या गिअरवर लावा. अवघड गिअरवर लावलेली सायकल माउंट लाइनवर थंड पायांनी पहिल्याच पेडलला डगमगते, आणि मागून येणारा तुमच्यावर आदळतो.