मदत हवी आहे: आमच्या भागातल्या चोऱ्यांचे आकडे कसे मागवायचे?

रत्नागिरीत कुवारबाव साइडला राहतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हल्ली एकच विषय, चोऱ्या वाढल्यात आणि त्या बाहेरच्यांमुळेच, मग एमआयडीसीतले कामगार, आंब्याच्या बागेत राखणीला असलेले नेपाळी, बोटीवरचे खलाशी सगळे एकाच माळेत. टाकीवरची मोटर गेली तरी नाव त्यांचंच. आता परप्रांतीयांना खोली भाड्याने द्यायची नाही असा ठराव आणतायत. मला पटत नाही, पण आकड्यांशिवाय कोण ऐकतंय.

पोलिसांच्या साइटवर एफआयआर बघितल्या, एकेक उघडत बसावं लागतं. लोकसंख्या म्हणाल तर जनगणना २०११ ची, त्यानंतर इथे कितीतरी बिल्डिंगी उठल्या. भाडेकरूंची माहिती पोलिसांत देतोच, तो सल्ला नको.

आता माहिती अधिकारात ५ वर्षांच्या घरफोड्यांचे आकडे मागायचेत, फक्त आमच्या ग्रामपंचायत हद्दीतले, कोणाची नावं नकोत. जुलै २०२४ पासून कलमं बदलली, भारतीय दंड संहितेतलं जुनं ३८० (घरातली चोरी) आता भारतीय न्याय संहितेत ३०५, म्हणजे दोन्ही लिहावी लागणार, त्यात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा. कोणी असे गावनिहाय आकडे मिळवलेत का? अर्ज पोलीस ठाण्यात दिलात की एसपी ऑफिसला, आणि नेमकं काय लिहिलंत?