फ्लोरिडा विद्यापीठाच्या क्रीडा इतिहासातील सर्वोत्तम वर्ष कोणते?

प्रश्न

अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या ‘गेटर्स’ संघांचा विषय निघाला की बहुतेक जण २००६-०७ असे सांगून मोकळे होतात. ८ जानेवारी २००७ रोजी त्यांनी अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला ४१-१४ असे हरवले, आणि २ एप्रिल रोजी पुरुषांच्या बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यातही त्याच ओहायो स्टेटला ८४-७५ असे नमवले. ही दोन्ही अजिंक्यपदे एकाच शैक्षणिक वर्षात जिंकणारे ते पहिलेच विद्यापीठ. तरीही हे उत्तर दोन लोकप्रिय खेळांपुरते पाहून दिले जाते, असे मला वाटत आले आहे. विजेतेपदांची संख्या, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, की एखादी गोष्ट प्रथमच घडण्याचे मोल, यांपैकी कोणता निकष धरावा? आणि ‘वर्ष’ म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, की शैक्षणिक वर्ष? जाणकारांनी कृपया कारणांसह लिहावे.

प्रतिसाद १

माझे मत २००६-०७ लाच आहे. मात्र त्याचे कारण केवळ दोन करंडक हे नाही. तो फुटबॉल हंगाम किती बारीक धाग्यावर लोंबकळत होता, हे आज विसरले जाते. ऑबर्नकडून २७-१७ अशी हार पत्करल्यानंतर आणखी एक पराभव झाला असता तर सारे संपले असते. नोव्हेंबरमध्ये घरच्या मैदानावर साउथ कॅरोलायनाविरुद्ध १७-१६ अशी निसटती आघाडी असताना फ्लोरिडाच्या जार्व्हिस मॉसने प्रतिस्पर्ध्यांचा शेवटचा फील्ड गोल (खांबांमधून चेंडू लाथाडून तीन गुण मिळवण्याचा प्रयत्न) उडी मारून अडवला. त्या दिवशी साउथ कॅरोलायनाचे प्रशिक्षक होते स्टीव्ह स्पररियर, म्हणजे ज्यांनी फ्लोरिडाला फुटबॉलचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले तेच. पुढे २ डिसेंबरला यूसीएलए विद्यापीठाने अंतिम सामन्याच्या दारात उभ्या असलेल्या यूएससी विद्यापीठाला १३-९ असे हरवून चकित केले, फ्लोरिडाने आर्कान्सॉला ३८-२८ असे हरवून साउथईस्टर्न कॉन्फरन्स (आग्नेय अमेरिकेतील विद्यापीठांची स्पर्धा) जिंकली आणि क्रमवारीत मिशिगनला मागे टाकून दुसऱ्या स्थानासह अंतिम सामना गाठला. तिथे ओहायो स्टेटच्या टेड गिनने पहिल्याच किकऑफवर (सामना सुरू करणाऱ्या लाथेवर) चेंडू घेऊन थेट टचडाउन केला, म्हणजे तो प्रतिस्पर्ध्यांच्या टोकाच्या रेषेपार नेला. पण नंतर त्या अपराजित, अव्वल मानांकित संघाला संपूर्ण सामन्यात चढाई करून जेमतेम ८२ यार्ड पुढे सरकता आले.

बास्केटबॉलची गोष्ट तर याहून दुर्मिळ आहे. एप्रिल २००६ मध्ये यूसीएलएला ७३-५७ असे हरवून विजेते झाल्यावर जोकिम नोआ, अल हॉरफर्ड आणि कोरी ब्रूअर यांना व्यावसायिक बास्केटबॉलचे दार उघडे होते. तरीही ते परतले, आणि त्याच पाच सुरुवातीच्या खेळाडूंनिशी प्रशिक्षक बिली डोनोव्हन यांच्या संघाने अजिंक्यपद राखले. १९९१ आणि १९९२ च्या ड्यूकनंतर हे कोणालाच जमले नव्हते. यानंतर २००७ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक बास्केटबॉल लीगने नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) हे तिघेही पहिल्या नऊ जणांत निवडले गेले. पैसा समोर दिसत असताना एक वर्ष थांबण्याचा तो निर्णय मला कोणत्याही करंडकापेक्षा मोठा वाटतो.

प्रतिसाद २

संख्येचा निकष लावला तर २०१६-१७ सरस ठरते. त्या वर्षी महिला टेनिस, पुरुषांचे मैदानी ॲथलेटिक्स आणि बेसबॉल अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे आली, आणि बेसबॉलचे विजेतेपद तर विद्यापीठाच्या इतिहासातील पहिलेच होते. अंतिम मालिकेत लुइझियाना स्टेटचा (एलएसयू) ४-३ आणि ६-१ असा पराभव झाला. सॉफ्टबॉल संघ उपविजेता ठरला, तोही ओक्लाहोमाविरुद्ध एरवी सात डावांचा असणारा पहिला सामना १७ डावांपर्यंत ताणून. शिवाय एक तांत्रिक बाब नोंदवतो. वरच्या श्रेणीच्या फुटबॉलचे अजिंक्यपद एनसीएए (अमेरिकी विद्यापीठीय खेळांची संघटना) स्वतः देत नाही. त्यामुळे काटेकोरपणे एनसीएएचीच विजेतेपदे मोजायची म्हटले तर २००६-०७ च्या खात्यात बास्केटबॉलचे एकच उरते. हा युक्तिवाद मला स्वतःलाही थोडा वकिली वाटतो. पण मोजायचेच असेल तर नीट मोजावे.

प्रतिसाद ३

मोजदाद बाजूला ठेवून १९९६ कडे पाहावे, अशी विनंती आहे. फ्लोरिडाचा फुटबॉल संघ १९०६ पासून खेळत होता आणि जवळपास नव्वद हंगामांत त्याला एकदाही राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले नव्हते. १९८४ मध्ये कॉन्फरन्सचे पहिले विजेतेपद मिळाले, तेही नियमभंगामुळे नंतर काढून घेण्यात आले. ज्यांनी ही सल वर्षानुवर्षे बाळगली, त्यांना १९९६ चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. नियमित हंगामाच्या शेवटी फ्लोरिडा स्टेटकडून २४-२१ असा पराभव झाला, तेव्हा सारे संपल्यासारखे वाटले होते. पण टेक्ससने नेब्रास्काला हरवल्यामुळे त्याच फ्लोरिडा स्टेटशी न्यू ऑर्लिन्समध्ये पुन्हा गाठ पडली, आदल्या दिवशी ओहायो स्टेटने ॲरिझोना स्टेटला हरवल्यामुळे ती लढत अजिंक्यपदाची ठरली, आणि या वेळी निकाल फ्लोरिडाच्या बाजूने ५२-२० असा लागला. फ्लोरिडाच्या डॅनी वर्फेलने त्याच हंगामात हाइझमन करंडक (सर्वोत्तम विद्यापीठीय फुटबॉलपटूचा पुरस्कार) पटकावला. त्याचे प्रशिक्षक स्पररियर यांनी तो १९६६ मध्ये स्वतः जिंकला होता. बिली डोनोव्हन बास्केटबॉलचे प्रशिक्षक म्हणून दाखल झाले तेही १९९६ मध्येच. २००६ चे बी तिथे पेरले गेले.

प्रतिसाद ४

आतापर्यंतच्या चर्चेत महिला संघ जवळपास तळटीपेसारखे आले आहेत, म्हणून लिहीत आहे. एनसीएएने महिलांच्या जलतरणाची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली ती १९८२ मध्ये, आणि ती पहिलीच स्पर्धा फ्लोरिडाने जिंकली. तरीही माझी निवड १९९८ आहे. महिला टेनिस संघाने त्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि १९९५ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या महिला सॉकर संघाने अवघ्या चौथ्या हंगामात अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाला १-० असे हरवले. महिला सॉकरमध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा दबदबा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या एका गोलाचे वजन कळेल. पुढे अमेरिकेची विख्यात सॉकरपटू ठरलेली ॲबी वॉमबाख त्या संघात पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी होती.

अडचण अशी की टेनिसचे विजेतेपद मे महिन्यात, तर सॉकरचे डिसेंबरमध्ये आले. शैक्षणिक वर्ष धरले की १९९८ चे दोन तुकडे होतात आणि त्याचे तेज निम्म्यावर येते. उलट २००६ हे कॅलेंडर वर्ष धरले तर फुटबॉलचा अंतिम सामना जानेवारी २००७ मध्ये जातो. थोडक्यात, प्रत्येकाने आपल्या लाडक्या वर्षाला सोयीचे पंचांग निवडलेले आहे.

प्रतिसाद १ चे लेखक

पंचांगाचा आक्षेप मान्य. पण २००६-०७ त्यातूनही सुटते. शैक्षणिक वर्ष सोडून कॅलेंडर वर्ष २००७ घेतले, तरी जानेवारीतील फुटबॉल आणि एप्रिलमधील बास्केटबॉल ही दोन्ही अजिंक्यपदे त्यातच येतात. १९९६ मात्र कॅलेंडरप्रमाणे पाहिल्यास अपुरे ठरते, कारण न्यू ऑर्लिन्सचा सामना २ जानेवारी १९९७ ला झाला.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. संख्येचा निकष मी आता सोडून देतो, कारण २०१६-१७ च्या तीन विजेतेपदांना एका ओळीत बसवणारे एकही सूत्र मला सापडले नाही; ती तीन स्वतंत्र यशे आहेत. २००६-०७ मध्ये एकाच प्रतिस्पर्ध्याला तीन महिन्यांत दोन खेळांत हरवण्याने त्या वर्षाला एक कथा मिळाली, हे मान्य करावे लागते. मात्र मॉसचा हात काही इंच कमी पडला असता तर मी आज नक्कीच १९९८ च्या बाजूने लिहिले असते, आणि पुढच्या धाग्यात केवळ महिला संघांविषयीच विचारणार आहे.